शिसवी पेनावर हळदूची गाठ: पट्टी आणि चीर जुळवण्याचं काम

साधं लाकडी पेन कातायला आठवडाभरात हात बसतो. पण शिसवी लाकडाच्या अंगावर हळदू लाकडाच्या पिवळ्या पट्ट्या गाठ मारल्यासारख्या एकमेकींत गुंफलेल्या दिसाव्यात, यापायी माझे पहिले सात ठोकळे वाया गेले. सातही लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, चढायच्या आधीच बिघडले होते. "पट्टी घाला, इन्स्टंट गोंद सोडा, करकचून आवळा" असं सांगणारे खूप भेटतील. त्यांचं ऐकू नका.

लेथ, टेबल सॉ आणि ७ मिलिमीटरच्या पितळी नळीचा साधा पेन किट तुमच्याकडे आहे असं धरतो. लाकडासाठी फर्निचरवाल्याकडचे तुकडे पुरतात. शिसवीचा ठोकळा १९ मिलिमीटर चौरस आणि १३० लांब घ्या. चारही बाजूंना गुण्या लावून बघा. हा ठोकळा चार वेळा फिरवून कापायचा आहे, एक बाजू तिरकी असली की चारही चिरा चुकतात.

आता मुख्य काम. पातं ४५ अंशांत कलवा. उंची अशी ठेवा की कापल्यावर वरचं दीड मिलिमीटर लाकूड शाबूत राहील. ठोकळ्याचं टोक टेकायला एक अडणी पक्की करा आणि ठोकळा हातात न धरता क्लॅम्पने आवळा. शाबूत ठेवलेल्या त्या दीड मिलिमीटरमुळेच ठोकळ्याचे दोन्ही भाग एका रेषेत राहतात. पुढे पेन कातताना ते आपोआप निघून जातं, म्हणून त्याची काळजी नको. आरपार कापून पुन्हा जोडू म्हणाल, तर ते भाग आधीसारखे कधीच बसत नाहीत.

पट्टीची जाडी पात्याच्या चिरेइतकीच हवी. पाकिटावर लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका, टाकाऊ तुकड्यात चीर पाडून व्हर्नियरने मोजा. माझ्या पात्याची चीर २.४ मिलिमीटर येते. हळदूची पट्टी पॉलिश पेपरवर घासत घासत तिथवर आणतो. बोटाने ढकलल्यावर जावी आणि ठोकळा उलटा केला तरी पडू नये, इतकी. पट्टी जाड झाली तर चीर फाकते आणि ठोकळा धनुष्यासारखा वाकतो. बारीक झाली तर आवळताना उलट्या बाजूला वाकतो. पहिल्या चिरेला हा बाक डोळ्यांना दिसतही नाही. चौथी चीर झाल्यावर दिसतो, कारण पट्ट्या जिथे एकमेकींना ओलांडायच्या तिथे पायरी पडलेली असते. तोवर चार दिवस गेलेले असतात.

चार दिवस म्हणजे चारच. रोज एक चीर, एक पट्टी. पांढरा गोंद इथे नको, त्यातल्या पाण्याने पट्टी फुगते आणि अर्ध्यावर अडकते. इन्स्टंट गोंद ठिसूळ, नळीसाठी भोक पाडताना तापला की सांधा सुटतो. माझ्या सातपैकी तीन ठोकळे असेच गेले. सावकाश वाळणारं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, वापरा. शिसवीला तेल असतं, म्हणून चीर आधी ॲसिटोनने पुसा, नाहीतर इपॉक्सीही धरत नाही. दाबायला मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या भंगारातून आणलेला फूटभर लोखंडी अँगल वापरतो. त्याला आतून सेलोटेप लावायची, ठोकळा त्याच्या कोपऱ्यात बसवायचा आणि हलकाच दाब द्यायचा. अँगलच्या दोन भिंतींमुळे ठोकळा सरळ राहतो. जोर लावला की तिरके सांधे घसरतात आणि इपॉक्सी सगळं बाहेर येतं.

दुसऱ्या दिवशी पट्टीची बाहेर आलेली टोकं बाजूच्या पातळीत आणा, ठोकळा फिरवा, टोक त्याच अडणीला टेकवा आणि पुढची चीर घ्या. आधी समोरासमोरच्या दोन बाजू, मग उरलेल्या दोन. या चार दिवसांत टेबल सॉला दुसरं कुठलंही काम देऊ नका. एकदा पात्याचा कोन मोडला की तो तंतोतंत परत लागत नाही. आणि कोल्हापूरच्या जुलैतल्या पावसात हे काम करणार असाल, तर ठोकळा आणि पट्ट्या आठवडाभर एकाच खोलीत ठेवून मगच जाडी मोजा. ओल धरलेली पट्टी आज मापात असते, उद्या नसते.

भोक शेवटच्या सांध्यानंतर पूर्ण एक दिवस थांबून पाडा. कमी वेग, आणि दर पाच मिलिमीटरला ड्रिल बाहेर काढून भुसा झटकायचा. ठोकळा लांब ठेवलाय तो यासाठीच. बाहेर पडताना ड्रिल जे टवके काढतं ते टोक नंतर कापून टाकता येतं. गाठ नळीच्या मधोमध येईल असं मोजून मग लांबी घ्या. नळी खरखरीत करून इपॉक्सीने चिकटवा.

कातताना हत्याराला धार हवी आणि घाव हलका. टोकाशी लाकूड जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर उरतं. मास्क लावाच, शिसवीची धूळ छातीला त्रास देते.

पॉलिश पेपरच्या वेळी एक फसगत होते. शिसवीची काळी धूळ हळदूच्या रंध्रांत बसते आणि पिवळी पट्टी मळकट होते. ती नंतर धुऊन निघत नाही. म्हणून शेवटचा घाव इतका साफ घ्या की २४० नंबरच्या पेपरपासून सुरुवात करता येईल. लेथ बंद करून लांबीच्या दिशेने घासा, दर नंबरानंतर हवा मारा. मग वरून लेप म्हणून पातळ सीए गोंदाचे, म्हणजे इन्स्टंट गोंदाचेच, थर, हवे तितके. सांध्याला तो नको, लेपाला चालतो.

जोडणी शिकंजात, जबड्यांना लाकूड लावून. पेन पिळल्यावर रिफिल आत-बाहेर करणारी फिरकीची यंत्रणा मात्र एका दमात आत दाबू नका. तिच्यावरच्या खुणेच्या थोडं अलीकडे थांबा, रिफिल घालून नोक किती बाहेर येते बघा आणि मग केसभर केसभर दाबा. जास्त आत गेलेली यंत्रणा बाहेर ओढताना टोकाचं ते पाऊण मिलिमीटर लाकूड चिरतं.