सडे आणि किनाऱ्यावरची गावं पायी फिरताय? या चुका टाळा

रत्नागिरी-राजापूरकडचे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं, आणि त्यांच्या खालची गावं चालत बघायची हौस आता बऱ्याच जणांना लागलीय, छानच आहे, पण चुका त्याच त्याच बघून वैताग येतो.

सगळ्यात वाईट म्हणजे भरती-ओहोटी न बघता खाडीत उतरणं. एका पौर्णिमेला आमच्यातली दोन पोरं सकाळी सातला छोट्या खाडीतून पलीकडे गेली, पाणी पोटरीएवढं, बजावून सांगितलं होतं की नऊच्या आत परत या. आली साडेअकराला. तोवर पाणी छातीला आणि ओढ जबरदस्त, तरी एक जण सॅक डोक्यावर घेऊन उतरलाच. काठावर जाळं दुरुस्त करत बसलेले काका ओरडले, "अरे मागे फिर, उधाण आहे आज!" म्हणून तो वाचला. मग पुलाला वळसा घालून पोचली संध्याकाळी. कोकणातलं साधं गणित आहे, तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी पूर्ण. ॲप असलं तरी मी आधी कॅलेंडरवर तिथीच बघतो.

दुसरं, मॅपवर बीच अर्धा किलोमीटर दिसला की सड्यावरून सरळ खाली घुसायचं. खाली जांभ्याचा कडा असतो, कडेचा दगड पोखरलेला, पाय ठेवला की सुटतो. उतरायची वाट म्हणजे पाखाडी आणि ती वाडीतून जाते, शेवटच्या घरी विचारलं की कळते. पण शॉर्टकटवाल्यांना विचारायचाच कंटाळा, त्याला काय करणार!

दहा वाजता सड्यावर चढू नका, कातळ तव्यासारखा तापतो आणि सावलीला झाड नसतं. मी उजाडताच निघतो.

पावसाळ्यात शेवाळ, बूट चांगले हवेत. परतीच्या पावसात ढग दाटले की लगेच सडा सोडायचा, उघड्यावर सगळ्यात उंच तुम्हीच असता, वीज पडते.

देवाचे गोठणेच्या कातळशिल्पापाशी (सड्याच्या कातळात कोरलेलं जुनं चित्र) होकायंत्रावर भरवसा ठेवू नका, सुई भलतीकडे फिरते. आणि कशेळीच्या कातळशिल्पातला हत्ती जवळपास १८ मीटर लांब आहे, त्यात उभं राहून कळत नाही कुठे सोंड न कुठे पाय, म्हणून लोक फोटोसाठी रेषांवरून बूट घालून फिरतात. कडेकडेने फिरा, रेषांवर खडू तर अजिबात नको.