प्राथमिक वर्गातील ग्रोथ माइंडसेट आणि ध्येयनिश्चिती : या चुका टाळा

ग्रोथ माइंडसेट म्हणजे क्षमता मेहनतीने आणि योग्य पद्धतीने वाढवता येते ही धारणा; पण मुलांच्या प्रयत्नांचे कौतुक करणे, असा तिचा सोपा अर्थ अनेक शिक्षक काढतात आणि सर्वांत महागात पडणारी चूक तिथेच होते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ सालच्या अभ्यासात, ‘हुशार’ म्हणून शाबासकी मिळालेली पाचवीची मुले अवघड प्रश्नांपुढे लवकर खचली, तर मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेली मुले नेटाने प्रयत्न करत राहिली. हे समजल्यावर आपण ‘हुशार’ हा शब्द टाकून ‘छान प्रयत्न’ हे शब्द उचलले. मुलाचे शिकणे पुढे सरकत नसताना नुसत्या प्रयत्नाची वाहवा करू नका, असे ड्वेक यांनीच २०१५ मध्ये शिक्षकांना बजावले होते; तरीही वर्गावर्गांत तेच चालू आहे.

मीही ते केले आहे. माझ्या दुसरीच्या वर्गातील एक मुलगी हातच्याची वजाबाकी करताना प्रत्येक वेळी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत असे. ५२ वजा २७ चे उत्तर ती ३५ लिहायची. ती मान खाली घालून मन लावून काम करत होती, म्हणून मी दोनदा तिच्या बाकाशी थांबून ‘किती छान प्रयत्न!’ म्हटले आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी तिने घरून वीस उदाहरणे करून आणली. अक्षर सुंदर होते, समास आखलेले होते आणि वीसच्या वीस उत्तरे चुकीची होती. ती चूक पक्की करण्याची मेहनत तिने माझ्या शाबासकीवर घेतली होती आणि ती मोडायला आम्हाला तीन आठवडे लागले. तेव्हापासून मी मुलाची वही हातात घेतल्यावर आधी ‘हे कसे केलेस, मला सांग’ एवढेच म्हणते. त्या मुलीने दशकाचा गठ्ठा सोडून त्याचे दहा सुटे केले, तेव्हा मी कौतुक केले ते त्या गठ्ठा सोडण्याचे.

दुसरी चूक ध्येयांची. वर्षाच्या सुरुवातीला रंगीत कार्डांवर ‘मी खूप अभ्यास करीन’ असे लिहून घेतले जाते, ती कार्डे भिंतीवर लागतात आणि वर्ष संपेपर्यंत त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. सात वर्षांच्या मुलाला वर्ष दिसत नाही. त्याला शुक्रवार दिसतो. म्हणून माझ्या वर्गात ध्येय आठवड्याचे असते, ‘सहाचा पाढा न अडखळता म्हणेन’ इतके नेमके असते आणि ते वहीत पेन्सिलीने लिहायचे असते, कारण झेपले नाही तर ते लहान करण्याची मुभा मुलाला हवी. शुक्रवारची शेवटची दहा मिनिटे त्या वहीसाठी राखलेली असतात आणि ती मी कोणत्याही कारणाने सोडत नाही.

ध्येयांचा तक्ता चांदण्या लावून सर्वांपुढे टांगू नका. मागे पडलेले मूल त्यातून आपला क्रमांक तेवढा शिकते. ‘मला अजून येत नाही’ हे वाक्य सामूहिक घोषणेसारखे म्हणवून घेऊ नका. ‘याचा माइंडसेटच तसा आहे’ असे कोणत्याही मुलाबद्दल, शिक्षकखोलीतसुद्धा, बोलू नका. आणि फळ्यासमोर उभे राहून ‘मला चित्र काढता येत नाही’ असे म्हणू नका, कारण मुले ते लक्षात ठेवतात.

नव्या शिक्षकांची घाई मला सर्वाधिक खटकते. एक कार्यशाळा झाली, भित्तिपत्रक लागले आणि महिनाभरात गुण वाढले नाहीत, की ‘हे चालत नाही’ असा निवाडा होतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या प्रयोगात नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांना तासाभराहून कमी वेळाचा ऑनलाइन पाठ दिला होता. अभ्यासात मागे असलेल्यांची श्रेणी त्याने थोडीच सुधारली आणि जिथे सोबत्यांमध्ये अवघड काम पत्करण्याची रीत होती तिथे तो अधिक उपयोगी पडला. ती रीत भित्तिपत्रकाने पडत नाही. माझ्या वर्गात सोमवारी फळ्यावर आदल्या आठवड्यातील एक चुकीचे उदाहरण नाव न घेता लिहिलेले असते आणि पहिली पाच मिनिटे आम्ही सगळे मिळून ती चूक कुठे झाली ते शोधतो. मुलांनी आपली चूक स्वतःहून त्या फळ्यासाठी आणून द्यायला या वर्षी चार महिने लागले.