बंद पडलेल्या टॉकीजचा इतिहास कसा लिहावा

नागपुरात व्हरायटी चौक आणि पंचशील चौक ही नावे आजही रोजच्या बोलण्यात आहेत. मात्र ज्या चित्रपटगृहांवरून ती पडली, त्यांचा इतिहास लिहायला बसल्यास पहिल्याच पानावर अडायला होते, कारण प्रत्येकाला सिनेमे आठवतात आणि साल कोणालाच नक्की सांगता येत नाही. म्हणून आरंभ आठवणींपासून न करता जमिनीपासून करावा. नगर भूमापन कार्यालयातून त्या जागेची आखीव पत्रिका (मालमत्ता पत्रक) काढावी आणि जागा नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, असल्यास भाडेपट्ट्याची नोंदही पाहावी. जमिनीचा धारक, इमारत बांधणारा आणि टॉकीज चालवायला घेणारा या तीन वेगळ्या व्यक्ती असू शकतात, आणि लोक मात्र तिघांनाही सरसकट ‘मालक’ म्हणतात.

यानंतरचे काम वेळखाऊ असले तरी खरा इतिहास तेथेच सापडतो, तो म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांतील सिनेमाच्या जाहिराती. १९११ साली सुरू झालेल्या ‘हितवाद’ या इंग्रजी वृत्तपत्रासह स्थानिक मराठी व हिंदी दैनिकांचे जुने अंक ग्रंथालयांत शोधावेत. सगळी वर्षे चाळण्याऐवजी टॉकीजची पहिली आणि शेवटची जाहिरात आधी गाठावी, आणि मधल्या काळातील दर वर्षाचा एखादा आठवडा निवडून सिनेमा, खेळांच्या वेळा व ‘आठवडा कितवा’ हे टिपावे. सिनेमाच्या देशभरातील प्रदर्शनाच्या तारखेवरून नागपूरची तारीख कधीही ठरवू नये. ‘शोले’ मुंबईत १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागला, परंतु नागपूर ज्यात येते त्या सी.पी.-बेरार (मध्य प्रांत व वऱ्हाड) या चित्रपट वितरण विभागात तो ऑक्टोबरात आला. त्यामुळे ‘पंधरा ऑगस्टला इथेच पाहिला’ असे कोणी छातीठोकपणे सांगितले, तरी जाहिरात सापडेपर्यंत ते वाक्य पेन्सिलीनेच लिहावे.

सरकारी कागदांसाठी १९५६ ही रेषा ध्यानात ठेवावी. तोवर नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची आणि पुढे जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. म्हणून त्याआधीच्या कागदांचा शोध नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयाबरोबर मध्य प्रदेशाची नंतरची राजधानी असलेल्या भोपाळकडेही घ्यावा लागतो. त्यानंतरच्या काळासाठी जिल्हाधिकारी कार्यालयातील करमणूक कराच्या नोंदी मागाव्यात. १ जुलै २०१७ पासून हा कर वस्तू व सेवा करात विलीन झाल्याने जुन्या फायली अडगळीत जाण्याचा धोका आहे. तोंडी विचारणेला उत्तर न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा आणि त्यात वर्षे नेमकी लिहावीत.

माणसांकडे यानंतर जावे, आणि मालकाच्या आधी ऑपरेटर व डोअरकीपर यांच्याकडे जावे. ‘तो काळ कसा होता’ या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळते. त्याऐवजी प्रोजेक्टरच्या दिव्यातील कार्बनची कांडी किती वेळ पुरत असे, दोन प्रोजेक्टरांपैकी एक बिघडल्यावर रीळ बदलताना खेळ किती वेळ थांबे, बायकांची तिकिटाची रांग कोठे लागे, ब्लॅकवाले कोणत्या बाजूला उभे राहत, असे विचारावे. शक्य झाल्यास मुलाखत त्याच जागेवर घ्यावी. तेथे आता मॉल असला तरी जुना ऑपरेटर पार्किंगमध्ये उभा राहून पडदा कोणत्या भिंतीला होता हे हाताने दाखवतो, आणि त्याच वेळी कागदावर नकाशा काढून त्याच्याकडून तपासून घ्यावा.