वाचनालयात ‘संत तुकाराम’ दाखवायचा असेल तर

आधी तारीख धरा. तुकारामबीजेचा मोह आम्हालाही झाला होता. पण फाल्गुन वद्य द्वितीया म्हणजे आपल्या कोकणात ऐन शिमगा. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरत असताना वाचनालयात कोण येणार? म्हणून आम्ही मे महिन्यातला शनिवार घेतो, तेव्हा चाकरमानीही गावात असतात. पावसाळ्याचं मनात आणू नका. पत्र्यावर सर वाजायला लागली की अभंगातला एक शब्द कळत नाही.

प्रभातचा हा बोलपट 1936 चा. चित्रपटाचा कॉपीराइट आपल्याकडे 60 वर्षं टिकतो, म्हणजे याची मुदत केव्हाच संपली. नवा सिनेमा लावायचा तर निर्मात्याची लेखी परवानगी हवीच. घरी ओटीटीचे पैसे भरतो म्हणून तो गावाला दाखवता येत नाही.

खरी मेहनत आवाजाची. पहिल्या वर्षी आम्ही भाड्याचे मोठे स्पीकर आणून मागच्या भिंतीला लावले. पडद्यावर तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस गात होते आणि शेवटच्या रांगेतल्या आजींना नुसता घुमारा ऐकू येत होता. मध्यंतरात त्या उठून गेल्या. ते मला अजून लागून राहिलंय. तेव्हापासून स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बाकांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवते. बास अगदी उतरवते आणि मागच्या भिंतीवर सतरंज्या टांगते. मग दुपारीच कुणालातरी शेवटच्या रांगेत बसवून एक अभंग ऐकत ऐकत लिहून काढायला सांगते. शब्द सुटले तर अजून काम बाकी आहे असं समजायचं.

चित्र चौकोनीसर आहे, 4:3. पडदा आठ फूट रुंद असेल तर उंची सहा फूट धरा. दोन्ही बाजूंना काळं राहिलं तर राहू द्या. प्रोजेक्टरवर ताणून भरलंत तर तुकोबांचा चेहरा पसरट होतो. खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात आणि दर्यावरचा वारा पडद्याची चादर शिडासारखी फुगवतो, म्हणून खालच्या काठात बांबू ओवून दोन्ही टोकं बांधून टाका.

मे महिन्यात सातनंतरच अंधारतं, तेव्हा साडेसातला सुरू करा. बोलपट सव्वादोन तासांच्या आत संपतो, पण मध्ये सरबतापुरतं थांबा. प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर हवा. लाइट अचानक गेली की आतला पंखा थांबतो आणि तापलेल्या दिव्याला इजा होते.

भजनी मंडळींना पुढे सतरंजीवर बसवा. ती बरोबरीने गाऊ लागली तर गप्प करू नका, मागचेही गायला लागतात. शेवटी एवढं आवर्जून सांगा, की ‘आधी बीज एकले’ तुकोबांचं नाही. ते शांताराम आठवल्यांनी या बोलपटासाठी लिहिलं, चाल केशवराव भोळ्यांची. हे ऐकून दरवर्षी दोघंतिघं तरी गाथा चाळायला टेबलाशी येतात. तिथे गाथेच्या असतील तेवढ्या प्रती मांडा आणि देवघेवीची वही उघडी ठेवा.