मधाने काळे केस उजळ कसे करावेत

काळे केस घरच्या घरी उजळ करण्यासाठी जे उपाय सर्रास सांगितले जातात, त्यांतले बरेचसे मुळात रंग उतरवणारे नसतातच, ते रंग चढवणारे असतात. कॅमोमाइलच्या फुलांचा काढा, रेवंदचिनीच्या मुळांचा काढा आणि ‘रंगहीन मेंदी’ म्हणून विकली जाणारी कॅसियाची पूड या तिन्हींमध्ये पिवळसर रंगद्रव्य असते आणि ते केसावर वरून बसते. पांढऱ्या किंवा मुळातच फिक्या केसांवर ते सोनेरी दिसते. आपल्याकडच्या काळ्याभोर केसांवर ते लावणे म्हणजे काळ्या कापडावर हळदीचे पाणी शिंपडणे होय. एवढा साधा फरक न सांगता हे उपाय वर्षानुवर्षे पुढे ढकलले जातात आणि माणसे काढे उकळत बसतात, याची मला मनापासून चीड येते.

केसाचा काळेपणा वरच्या खवल्यांत नसून आतल्या गाभ्यातल्या मेलॅनिन या रंगद्रव्यामध्ये असतो. तो कमी करायचा तर मेलॅनिनचे ऑक्सिडीकरण व्हावे लागते, आणि त्यासाठी पार्लरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. स्वयंपाकघरात हेच रसायन स्वतःहून तयार करणारी एक वस्तू आहे, ती म्हणजे मध. मधमाशी मधात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, मिसळते. मधात पाणी घातले की हे विकर जागे होते आणि मधातल्या ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड बनवू लागते. बाटलीतल्या घट्ट मधात पाण्याचा अंश साधारण १७ ते २० टक्के इतकाच असतो आणि त्या अवस्थेत हे विकर जवळजवळ निजलेले असते. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण पुढची सगळी कृती त्यावर उभी आहे.

अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. पार्लरमध्ये ६ किंवा ९ टक्क्यांचे पेरॉक्साइड वापरले जाते, मधातून तयार होणारे त्याच्या तुलनेत अगदीच थोडे असते. माझ्या स्वतःच्या केसांवर पहिल्या दोन वेळा घरातल्या उजेडात काहीही फरक दिसत नाही. चार-पाच वेळा झाल्यावर उन्हात उभे राहिले की टोकांना तांबूस झाक दिसते, आणि आठ-दहा वेळांनंतर ती गडद तपकिरी होते. सोनेरी रंग काळ्या केसांवर मधाने येत नाही, कुणी तसे छायाचित्र दाखवले तरी त्यावर विश्वास ठेवू नये. झाक तांबूसच का येते, याचे कारण असे की काळे रंगद्रव्य आधी तुटते आणि तांबूस-पिवळे रंगद्रव्य अधिक चिवट असल्यामुळे मागे राहते.

कोणी करू नये

मधाची किंवा मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी असणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये. इतरांनीही कोपराच्या आतल्या बाजूस मिश्रणाचे बोट लावून एक दिवस वाट पाहावी. केसांना पूर्वी कोणता रंग लावला आहे, हे त्याहून महत्त्वाचे आहे. पुडीतल्या ‘काळ्या मेंदी’त आणि हळूहळू केस काळे करणाऱ्या काही रंगांत धातूंचे क्षार असू शकतात, आणि पेरॉक्साइडशी त्यांची गाठ पडली की केस तापून तुटण्याचा धोका असतो. पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर धोका आहे असेच धरावे. शुद्ध मेंदीचा रंग मधाने उतरत नाही, कारण तो केसातल्या प्रथिनाला घट्ट धरून बसतो. उलट भोवतीचा काळेपणा कमी झाल्यामुळे केस अधिक लाल दिसू लागतात. मेंदीवर नीळ लावलेली असेल तर मी हा प्रयोग करायला सांगणार नाही.

विंचरताना फणीला आलेले केस आठवडाभर जमवावेत, एका टोकाला दोऱ्याने बांधून त्यांची बट करावी आणि पहिला प्रयोग त्या बटेवर करावा. तशीच दुसरी बट कोरडी ठेवून कागदात गुंडाळून कपाटात ठेवावी, ती पुढे लागणार आहे.

लिंबू, दालचिनी आणि सोडा

मधात लिंबू पिळून उन्हात बसण्याचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो मीही एकदा, एका मे महिन्यात, गच्चीवर बसून अमलात आणला होता. केसांना काही झाले नाही, पण कपाळाच्या कडेने आणि कानामागे जिथे रस ओघळला होता तिथे दोन दिवसांनी त्वचा लाल होऊन फोड आले, आणि ते गेल्यावर उरलेले काळे ओघळ दिवाळीपर्यंत टिकले. लिंबाच्या, विशेषतः सालीच्या रसात अशी द्रव्ये असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागले तर त्वचा भाजल्यासारखी होते. शिवाय लिंबातले क जीवनसत्त्व मधातून तयार झालेल्या पेरॉक्साइडला खाऊन टाकते, म्हणजे दोन्ही एकत्र करण्यात एकाने दुसऱ्याचे काम बिघडवण्यापलीकडे काही साधत नाही.

दालचिनीची पूड टाळूची आग करते आणि नंतर केसांतून निघता निघत नाही. खाण्याच्या सोड्याने केसाचे खवले उचलले जातात आणि केस नारळाच्या काथ्यासारखे होतात.

बटाट्याच्या रसाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण तो उपाय ऐकायला फारच निरुपद्रवी वाटतो. औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड वाटीत ओतून त्यात कच्च्या बटाट्याची चकती टाकून पाहावी. क्षणात चकतीभोवती पांढरा फेस जमू लागतो. बटाट्यातले कॅटलेज हे विकर पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू करून टाकत असते, त्याचा तो फेस. मधात बटाट्याचा रस घातला की वाटीत नेमके हेच घडते, फक्त पेरॉक्साइड थोडे असल्याने डोळ्यांना दिसत नाही. इतर कच्च्या वनस्पतींच्या रसांतही हे विकर असते, म्हणून मी मधात पाण्याखेरीज काहीही घालत नाही.

मध कोणता घ्यावा

न तापवलेला. रंग, चव, फूल यांपैकी कशालाही या कामी तितके महत्त्व नाही. ४० अंश सेल्सिअसच्या वर तापवला की मधातले विकर हळूहळू निकामी होते आणि ६० अंशांच्या आसपास तर फार लवकर. बाजारातला पुष्कळसा मध गाळण्यासाठी आणि पातळ राहावा म्हणून तापवलेला असतो. तो खायला गोड लागतो, पण केसांवर त्याचा उपयोग साखरेच्या पाकाइतकाच. थेट मधपाळाकडून किंवा खादी ग्रामोद्योगाच्या दुकानातून चौकशी करून घ्यावा. महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाला, त्या भागात जाणे झाले तर सातेरी मधमाश्यांचा मध विचारून घेता येतो.

थंडीत बाटलीच्या तळाशी पांढरट रवाळ थर जमला की लोक मधात साखर आहे म्हणून दुकानदाराशी भांडतात, किंवा बाटली गरम पाण्यात उभी करतात. तो थर ग्लुकोजचाच असतो आणि आपल्याला ग्लुकोजच हवे आहे. तसाच चमच्याने खरवडून घ्यावा. बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवावी, कारण हे विकर उजेडानेही क्षीण होते.

पाणी घालणे, जिथे सगळे बिघडते

मी तीन वर्षे हा प्रयोग चुकीचा करत होते, आणि ती चूक बहुतेक सगळेच करतात. घट्ट मध पाण्यासारखा ओघळत नाही, केसाला नीट धरून राहतो, म्हणून तो तसाच किंवा चमचाभर पाणी घालून थापावा असे वाटते. मेंदीच्या सवयीमुळे आपल्या हाताला लगदा हवा असतो. परंतु मध घट्ट राहिला की विकर निजलेलेच राहते आणि पेरॉक्साइड तयारच होत नाही. मी दर रविवारी तासभर चिकट डोके घेऊन बसत होते आणि त्यातून केस मऊ होण्यापलीकडे काही मिळत नव्हते. एकदा मध संपत आला म्हणून बाटलीत पाणी घालून, ती विसळून, ते पाणी टोकांना लावले, आणि पुढच्या दोन आठवड्यांत पहिल्यांदा टोकांचा रंग हलला. त्यानंतर मी वजनकाटा घेतला.

प्रमाण असे आहे: वजनाने मध एक भाग आणि पाणी चार भाग. खांद्यापर्यंतच्या केसांना ५० ग्रॅम मध आणि २०० ग्रॅम पाणी पुरते. मध पाण्याहून जवळजवळ दीडपट जड असल्यामुळे वाटीने मोजाल तर एका वाटीला सहा वाट्या पाणी होते. चार वाट्या घातल्यास मिश्रण हवे त्याहून घट्ट होईल. काटा नसेल तर मधाचे अडीच मोठे चमचे म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. हे मिश्रण पाण्यासारखेच दिसते, जेमतेम पिवळसर. ते पाहून आणखी मध घालण्याचा मोह होतो, तो आवरावा.

पाणी डिस्टिल्ड असावे, नाहीतर निदान आरओचे. बोअरवेलच्या पाण्यात लोह असेल, म्हणजे बादलीच्या कडेला तांबूस डाग धरत असतील, तर ते पाणी मुळीच घेऊ नये, कारण लोहाने पेरॉक्साइडचे विघटन होते आणि त्या भरात केसालाही इजा पोचते. याच कारणाने भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे आणि चमचा लाकडी घ्यावा. मेंदी लोखंडी कढईत भिजवण्याची आपली रीत मेंदीपुरती योग्य आहे, कारण तिथे रंग गडद हवा असतो. इथे ती कढई लांब ठेवावी.

पाणी साध्या तापमानाचे असावे, कोमटही नको. मध पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे आणि पसरट भांड्यात, वर फक्त पातळ सुती फडके टाकून, एक तास ठेवावे. या क्रियेला हवेतला प्राणवायू लागतो, म्हणून घट्ट झाकण लावून बाटलीत ठेवू नये. मुंग्या येतातच, त्यामुळे भांडे पाण्याच्या ताटात उभे करावे. हा तास वाचवून मिश्रण लगेच लावणाऱ्यांना केसांवरचा निम्मा वेळ पेरॉक्साइड तयार होण्याची वाट पाहण्यात घालवावा लागतो.

लावणे

केस धुतलेले, बिनतेलाचे आणि पूर्ण कोरडे असावेत. ओल्या केसांतले पाणी मिश्रण आणखी पातळ करते.

आता अडचण येते ती ओघळण्याची. फवारणीच्या बाटलीने लावले तर निम्मे मानेवरून पाठीवर जाते, आणि उरलेले पंख्याखाली पंधरा मिनिटांत वाळून चिकट पापुद्रा होतो. वाळले की काम थांबते, कारण पाणी गेले म्हणजे पुन्हा घट्ट मध उरला. ही अडचण मला जुन्या सुती साडीने सोडवून दिली. साडीच्या चार बोटे रुंदीच्या, हातभर लांबीच्या पट्ट्या फाडून घ्याव्यात. केसांचे सहा-आठ भाग करावेत, प्रत्येक भाग मिश्रणात बुडवून हलका पिळावा, त्याला भिजवलेली पट्टी मुळाकडून टोकाकडे गुंडाळावी आणि डोक्यावर चाप लावून ठेवावा. सगळे झाल्यावर वर आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी चढवावी आणि मानेला जुना टॉवेल गुंडाळावा. दर वीस मिनिटांनी टोपी काढून उरलेले मिश्रण चमच्याने पट्ट्यांवर सोडावे. कापड ओले तर केस ओले. सिंथेटिक साडी चालत नाही, ती पाणी धरत नाही.

एक तास पुरे. उन्हात बसू नये, ड्रायर किंवा गरम टॉवेलही नको, त्या उष्णतेने विकर मरते. रात्रभर ठेवण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नये, कारण ओले केस उशीवर घासून तुटतात आणि सकाळी जे रंग गेल्यासारखे वाटते ते बऱ्याचदा केस खडबडीत झाल्याने दिसत असते. टाळूला चुरचुरले तर तास पुरा होण्याची वाट न पाहता धुवावे.

धुताना साधे पाणी भरपूर, नंतर सौम्य शाम्पू.

पुन्हा केव्हा

आठवड्यातून एकदा, त्याहून अधिक नाही. मधल्या दिवसांत धुण्याच्या आदल्या रात्री टोकांना खोबरेल तेल लावावे, आणि मधाच्या दिवशी ते पूर्ण निघालेले असावे. उरलेले मिश्रण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये, पातळ केलेला मध आपल्या हवेत लवकर आंबतो. दरवेळी ताजे करावे.

पाचव्या वेळेनंतर कपाटातली कागदात गुंडाळलेली बट काढावी आणि सकाळी खिडकीशी, थेट ऊन नसलेल्या उजेडात, स्वतःच्या केसांच्या टोकांशेजारी धरून पाहावी. आरशात रोज पाहून बदल कळत नाही, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तांबूस झाक दिसत नाही. दोन्हींत काहीच फरक नसेल तर आणखी पाच वेळा करण्याऐवजी मध बदलावा, कारण तो तापवलेला असण्याचीच शक्यता अधिक. फरक हवा तेवढा झाला असेल तर थांबावे. उजळलेला भाग पुन्हा काळा होत नाही, आणि मुळाशी नवे केस काळेच येतात. त्यांना मिश्रण लावायचे असेल तेव्हा ते फक्त मुळांकडच्या त्या दोन बोटांनाच लावावे आणि आधी उजळलेल्या टोकांना त्या दिवशी तेल लावून वेगळे बांधून ठेवावे.