ड्रुपल ७ वरील मराठी विज्ञान संकेतस्थळ ड्रुपल ११ वर नेताना

संकेतस्थळे उभारण्याच्या ड्रुपल या मुक्त प्रणालीची ड्रुपल ७ ही आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली आणि ५ जानेवारी २०२५ रोजी तिचा अधिकृत आधार संपला. विज्ञानप्रसाराची जी मराठी संकेतस्थळे अजून तिच्यावर आहेत, त्यांनी हे स्थलांतर आता लांबणीवर टाकू नये. मात्र हे काम म्हणजे जुन्या घराची डागडुजी नव्हे. नवे, रिकामे संकेतस्थळ उभे करायचे आणि जुना मजकूर त्यात आणायचा, असे त्याचे स्वरूप आहे. ड्रुपल ८ पासून मांडणीचे साचे ट्विग या भाषेत लिहिले जातात, त्यामुळे जुनी थीम चालत नाही. व्ह्यूज या ड्रुपलमधील यादी बनवण्याच्या साधनाने केलेल्या याद्याही नव्याने बांधाव्या लागतात. ड्रुपल ११ ला सर्व्हरवर पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेची ८.३ आवृत्ती लागते, म्हणून होस्टिंगची चौकशी आधी करावी.

सुरुवात जुन्या पत्त्यांच्या यादीपासून करावी. प्रत्येक लेखाचा पूर्ण पत्ता एका तक्त्यात उतरवून घ्यावा, कारण हे पत्ते आता केवळ आपले राहिलेले नसतात. ते शिक्षकांच्या टाचणांत असतात आणि विज्ञान प्रदर्शनातील फलकांवर चिकटवलेल्या क्यूआर कोडमध्येही असतात. छापलेला क्यूआर कोड नंतर बदलता येत नाही. जिथे पत्ता बदलणे अटळ असेल तिथे रीडायरेक्ट मोड्यूलने (मोड्यूल म्हणजे ड्रुपलला जोडायचा भाग) ३०१ प्रकारचे कायमस्वरूपी वळण द्यावे.

आयातीसाठी ड्रुपलमधील मायग्रेट मोड्यूल वापरावे. आयात पूर्ण होईपर्यंत नव्या स्थळावर एकही लेख लिहू नये, कारण जुन्या लेखांचे क्रमांक तसेच्या तसे येतात आणि मध्येच लिहिलेल्या लेखाशी त्यांची टक्कर होते. चित्रांचे फोल्डरही जुन्याच मार्गावर ठेवावे, म्हणजे लेखांच्या आत घातलेली चित्रे तुटत नाहीत.

खरी जोखीम अक्षरांत आहे, आणि तिथे घाई करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. जुन्या युनिकोड मजकुरात ‘दऱ्या’ हा शब्द पुष्कळदा र, हलंत आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमाने लिहिलेला असतो. मजकूर स्वच्छ करण्यासाठी मी चालवलेल्या स्क्रिप्टने अशी सगळी अदृश्य चिन्हे काढून टाकली, आणि चाचणीच्या प्रतीत ‘मंगळावरील दऱ्या’ या शीर्षकाचे ‘मंगळावरील दर्या’ झाले. दरीचा समुद्र झाला, आणि शब्द म्हणून ‘दर्या’ बरोबरच असल्याने शुद्धलेखन तपासनीसालाही त्यात काही वावगे दिसले नाही. म्हणून आधी हा जुना क्रम शोधून त्याच्या जागी ‘ऱ्’ घालावा आणि मगच बाकीची सफाई करावी. श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधील मजकूर असेल तर युनिकोड रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार माणसाने वाचूनच तपासावेत.

शोधाची सोयही अशीच मराठीच्या अंगाने पाहावी. ड्रुपलच्या मूळ शोधात तीन अक्षरचिन्हांपेक्षा लहान शब्दांची नोंद आपोआप होत नाही, त्यामुळे भौतिकशास्त्राच्या स्थळावर ‘कण’ हाच शब्द सापडत नाही. ही मर्यादा २ करून सगळ्या शब्दांची पुन्हा नोंद करून घ्यावी. पुढची अडचण विभक्तीची: हा शोध पूर्ण शब्द जुळवतो, म्हणून ‘ग्रह’ शोधणाऱ्याला ‘ग्रहावर’ मिळत नाही. सर्च एपीआय मोड्यूलमध्ये शब्दाच्या आरंभाशी जुळवण्याचा पर्याय निवडला की हे सुटते. पण ‘पाणी’ आणि ‘पाण्यात’ यांची सुरुवातच वेगळी पडत असल्याने तिथे तो पर्याय पुरत नाही. यावर मला भरवशाचा वाटलेला उपाय साधा आहे: प्रत्येक लेखाला विषयशब्द हाताने द्यावेत. शंभर लेखांसाठी काही संध्याकाळी जातात, पण त्या कामी येतात.

त्याच बैठकीत मजकुराचे वयही पाहून घ्यावे. ऑगस्ट २००६ पूर्वीच्या लेखांत सूर्यमालेत नऊ ग्रह असतील, २० मे २०१९ पूर्वीच्या लेखांत किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ जपलेल्या धातूच्या वजनावर बेतलेली असेल. असे लेख काढून टाकू नयेत. वर तारखेसह टीप द्यावी, कारण विज्ञान स्वतःला कसे दुरुस्त करते हे विद्यार्थ्याला त्यातूनच दिसते. चित्ररूपातील सूत्रे मॅथजॅक्स या गणिती सूत्रे दाखवणाऱ्या साधनाने पुन्हा लिहावीत, म्हणजे ती मोबाइलवर पुसट होत नाहीत आणि दृष्टिहीन वाचकालाही ऐकता येतात. फ्लॅशमधील प्रात्यक्षिके २०२० अखेरीस ब्राउझरमधून बंद झाली. त्यांपैकी अनेक रफल या मुक्त साधनाने पुन्हा चालतात.

नवे स्थळ २८ फेब्रुवारीच्या, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या तोंडावर सुरू करू नये; मे महिना निवडावा, शाळा बंद असतात. सुरू झाल्यावर महिनाभर ‘पान सापडले नाही’ हा अहवाल रोज सकाळी उघडावा आणि त्यात दिसलेल्या प्रत्येक जुन्या पत्त्याला त्याच दिवशी वळण द्यावे. जुन्या डेटाबेसची प्रत किमान वर्षभर जपून ठेवावी.