डेकवर क्लीट बसवताना गाभा कोरडा कसा ठेवावा

फायबरग्लासच्या बोटीचा डेक वरून एकसंध दिसतो, पण बहुतेक वेळा आत बाल्सा लाकडाचा किंवा फोमचा गाभा असतो. म्हणून क्लीट, म्हणजे दोर बांधायची खुंटी, बसवताना ‘भोक पाडा, सीलंट भरा, बोल्ट आवळा’ हा सल्ला ऐकला की मला राग येतो. सीलंट आज ना उद्या सुटतो. मग पाणी गाभ्यात झिरपतं, बाल्सा कुजतो आणि पायाखाली डेक दबू लागतो.

जागा आखा. खालून वायर जात नाही ना, ते बघा.

खरं काम इथून पुढे. ८ मिमीच्या बोल्टसाठी साधारण १४ मिमीचं भोक वरचा थर आणि गाभा एवढ्यातूनच पाडा, खालचा थर शाबूत ठेवा. वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये धरून दोन थरांमधला गाभा चहूबाजूंनी थोडा आणखी खरवडून काढा. भुसा ओला निघाला तर तिथेच थांबा. ही पोकळी इपॉक्सीने (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनने) भरायची आहे, आणि ओल्या लाकडावर ते धरत नाही.

आधी पातळ इपॉक्सी आत सोडून लाकडाला पिऊ द्या. पहिल्या वेळी मी ही पायरी गाळली आणि थेट घट्ट मिश्रण भरलं. दुसऱ्या दिवशी ड्रिल लावताच तो गोळा सुटून ड्रिलबरोबर फिरू लागला, सगळं उकरून पुन्हा भरावं लागलं. तेव्हा आधी पातळ, ते ओलं असतानाच सिलिका पावडर घालून घट्ट केलेलं, सिरिंजने तळापासून वर. पोकळी मोठी असेल तर दोन टप्प्यांत भरा, नाहीतर इपॉक्सी फार तापतं.

पूर्ण कडक झाल्यावर बरोबर मधोमध ८ मिमीचं भोक आरपार पाडा. आता बोल्टच्या वाटेत सगळीकडे इपॉक्सीच आहे, गाभा कुठेच उघडा नाही. भोकाची वरची कड काउंटरसिंकने (शंकूच्या आकाराच्या बिटने) थोडी तासा, म्हणजे बुटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ, चिकट रबरी पट्टी) त्या खाचेत दाबून बसते. सिलिकॉन अजिबात नको. त्याचा राहिलेला थर पुढे दुसरं काहीच चिकटू देत नाही. फक्त इंधनाच्या झाकणाशी बुटाइल टाळा, डिझेलने ती विरघळते.

खालून जाड बॅकिंग प्लेट (बोल्टचा ताण पसरवणारी पट्टी) आणि मोठे वॉशर लावा. वरचा बोल्ट स्थिर धरून नटच फिरवा. बोल्ट फिरला की टेपची पकड तुटते. एकदम आवळू नका. टेप हळूहळू बाहेर येते, ती थांबेपर्यंत दोन-तीन दिवस रोज थोडं थोडं आवळा आणि बाहेर आलेली टेप कापून टाका.